नैरोबीची तीन महिन्यांची सुई

आफ्रिकेतल्या बायका आणि कुटुंबनियोजन हा विषय निघाला की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. पाठीला एक मूल बांधलेले, हाताशी दोन आणि पोटात एक. बिचारीला काही माहीतच नसेल, तिला शिकवायला हवे, असे म्हणून विषय संपवला जातो. केनियाची राजधानी नैरोबी इथल्या बायकांसमोर हे चित्र ठेवले तर त्या हसतील. तिथल्या झोपडपट्टीतली बाईसुद्धा गोळी, सुई, तांबी, निरोध आणि दंडात बसवायची कांडी ही नावे घडाघडा सांगते. अडचण माहितीची राहिलेलीच नाही. अडचण आहे ती विश्वासाची. आपल्या शरीरात काय होणार आहे हे आपल्याला कोण खरे सांगणार, आणि घरात त्याची वाच्यता झाली तर काय होणार, हे दोन प्रश्न ती मनात घेऊन फिरत असते.

आकडे पाहिले तर केनियाने खूप मोठी मजल मारली आहे. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम तिथे 1967 मध्ये सुरू झाला. भारताच्या 1952 च्या कार्यक्रमानंतर 15 वर्षांनी, पण सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सर्वात आधी. पहिली दहा-बारा वर्षे तो कागदावरच राहिला म्हणायला हरकत नाही, कारण 1970 च्या दशकाच्या अखेरीस केनियातल्या बाईला सरासरी आठ मुले होत होती. जगातल्या सर्वात मोठ्या आकड्यांपैकी हा एक होता. 2022 च्या राष्ट्रीय पाहणीत हीच सरासरी 3.4 वर आलेली दिसली. नैरोबी शहरात तर ती अडीचच्या आसपास आहे. त्याच पाहणीत केनियातल्या 100 विवाहित बायकांपैकी 57 जणी आधुनिक साधने वापरत होत्या. भारतात 2019-21 च्या पाहणीत हा आकडा साडेछप्पन्न होता. म्हणजे दोन्ही देश जवळजवळ एकाच पायरीवर उभे आहेत.

पण पायरी एक असली तरी वाट वेगळी आहे. भारतात 100 विवाहित बायकांपैकी 38 जणींनी ऑपरेशन करून घेतलेले असते. ‘दोन झाली, आता ऑपरेशन उरकून टाकू’ हे वाक्य मराठी घरात कोणाला नवे नाही. केनियात ऑपरेशन केलेली बाई क्वचितच भेटते. तिथे सुमारे 20 जणी तीन महिन्यांची सुई घेतात आणि जवळजवळ तितक्याच जणी दंडात कांडी बसवून घेतात. त्यांना पाळणा कायमचा बंद करायचा नसतो. लांबवायचा असतो, आणि तो लांबवण्याची दोरी आपल्या हातात हवी असते.

सुईच का?

सुई घेतल्याचे कोणाला दिसत नाही, हे तिच्या लोकप्रियतेचे पहिले कारण आहे.

मथारे हे नैरोबीतल्या जुन्या झोपडपट्ट्यांपैकी एक. पत्र्याची दहा बाय दहाची खोली, मधे एक पडदा, पडद्याच्या अलीकडे स्टोव्ह आणि पलीकडे खाट. अशा घरात गोळ्यांचे पाकीट लपवणार कुठे? रोज एक गोळी न चुकता घ्यायची तर पाकीट रोज बाहेर काढायला हवे. निरोधाचे तर नावच नको. तो नवऱ्याच्या मर्जीवर, शिवाय बायकोने तो मागितला की ‘तुला माझा संशय आहे की तुझंच बाहेर काही आहे?’ असा सवाल येतो. एड्सने इतके बळी घेतलेल्या देशात खरे तर हा सवाल उलटा विचारला जायला हवा. सुई या रोगापासून मुळीच वाचवत नाही, हेही इथेच सांगितलेले बरे.

सुईचे तसे नाही. दर तीन महिन्यांनी सरकारी केंद्रात जायचे, दंडात टोचून घ्यायचे आणि घरी यायचे. बाळाला लस टोचायची आहे, त्याचे वजन करायचे आहे, हे कारण तयारच असते. मागे उरते ते फक्त पुढच्या तारखेचे कार्ड. ते कोणी शेजारणीकडे ठेवते, कोणी पिठाच्या डब्याखाली. सरकारी परिचारिकांना हे ठाऊक असते आणि त्यातल्या समजूतदार जणी कार्ड केंद्रातच ठेवून घेतात. आता स्वतःच्या हाताने टोचून घ्यायची छोटी सुईही केनियात आली आहे. शिकलेल्या, मोकळ्या घरातल्या बाईला ती फार सोयीची. पण जिला कार्डसुद्धा लपवावे लागते ती सुई घरी कुठे ठेवणार?

नवऱ्याला न सांगता असे काही करणे बरोबर का, असे एखादी वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ज्या घरात विचारण्याचे उत्तर मार किंवा माहेरची वाट असे असू शकते, तिथे बरोबर-चूक ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाचा नाही.

चार नावे आणि चार मुले

नवरा विरोध करतो, हे वाक्य अशा विषयावरच्या प्रत्येक अहवालात असते. तो का विरोध करतो, हे मात्र कमी वेळा विचारले जाते.

नैरोबीत किकुयू समाज मोठ्या संख्येने आहे. त्यांच्यात मुलांची नावे ठेवण्याचा पक्का नियम आहे. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे. पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचे आणि दुसरीला आईच्या आईचे. नाव ठेवले की त्या आजीचा किंवा आजोबांचा वंश पुढे चालू राहिला, अशी समजूत. आता हिशेब करून पाहावा. दोन्हीकडच्या आजीआजोबांचा मान राखायचा तर कमीत कमी चार मुले हवीत, आणि तीही बेतशीर दोन मुलगे, दोन मुली. दोन मुलांवर थांबलेल्या बाईच्या आईचे नाव राहूनच जाते. गावाकडची म्हातारी फोनवर ‘माझं नाव कधी येणार?’ असे विचारते, तेव्हा ती काही लोकसंख्येबद्दल बोलत नसते. नातवंडाच्या बारशात आपला उल्लेख असावा एवढीच तिची हौस. पणजोबांचे नाव नातवाला ठेवणाऱ्या मराठी घरांना ही हौस कळायला जड जाऊ नये.

त्यातून केनियात बाईला तिच्या नावाने हाक मारण्याची पद्धत कमी. ती अमक्याची ‘मामा’ असते. स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई. मराठी कानाला गंमत वाटेल, पण पहिल्या मुलाच्या नावाला जोडून आलेली ही हाक म्हणजे तिची समाजातली जागा असते. मूल नसलेल्या बाईला ही हाक नाही. लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी गुरे किंवा पैसे दिलेले असतात, त्यामुळे मूल होत नाही असे दिसले की दिलेल्याची आठवण काढली जाते. म्हणून नैरोबीतल्या तरुणीला सर्वात मोठी भीती नको असलेल्या गर्भाची नसते. आपण वांझ तर होणार नाही ना, ही असते.

आणि तरीही याच शहरात मुलांची संख्या घटली. शाळेची फी, खोलीचे भाडे, पाण्याच्या प्रत्येक डब्याला मोजावे लागणारे पैसे यांनी जे केले ते कोणत्याही भाषणाला जमले नसते. 2003 पासून प्राथमिक शाळा मोफत झाल्या, पण गणवेश, वह्या आणि पुढच्या शिक्षणाचा खर्च राहिलाच. गावात पाचवे मूल शेतावर राबणारे दोन हात असते. शहरात त्याच्यासाठी आणखी एक ताट लागते. नवऱ्यांनाही हे कळते. फक्त ते कळल्याचे आईसमोर कबूल करणे त्यांना जमत नाही, आणि ती कबुली बायकोच्या गुप्त कार्डावर ढकलली जाते.

अफवेच्या पोटातला खरा दाणा

2014 च्या पाहणीत असे दिसले की केनियात साधन वापरायला लागलेल्या 100 पैकी 31 वेळा ते वर्षाच्या आत सोडून दिले जाते. सर्वात मोठे कारण शरीरावर होणारे परिणाम आणि त्यांची भीती. म्हणजे जिला पटले, जी केंद्रापर्यंत गेली, रांगेत उभी राहिली, तीच बाई परत फिरते. अडाणीपणा म्हणून हे झटकून टाकणे सोपे आहे, पण तो अन्याय होईल.

सुईने पाळी बदलते. पहिले काही महिने कधीही डाग पडतात, काही जणींना दोन-दोन आठवडे रक्त जाते. वर्षभर सुई चालू ठेवली तर जवळजवळ निम्म्या बायकांची पाळी बंदच होते. यात धोका नाही. सुईतल्या औषधाने गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते, पडून जाण्यासारखे काही तयारच होत नाही, म्हणून पाळी येत नाही. दोन वाक्यांत सांगून संपणारी ही गोष्ट आहे. पण ती कोणी सांगितली नाही तर बाई आपल्या परीने अर्थ लावते. महिन्याचे रक्त बाहेर आले नाही म्हणजे ते आत साठत असणार. साठले म्हणजे सडणार. सडले म्हणजे गाठ होणार. यातला प्रत्येक टप्पा चुकीचा आहे, पण विचार करण्याची रीत चुकीची नाही. तिच्याजवळ जेवढी माहिती आहे तेवढ्यावर तिने अनुमान काढले.

वांझ होण्याच्या भीतीचेही तसेच. सुई बंद केल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, हे वैद्यकशास्त्रही मान्य करते. शेवटच्या सुईपासून सरासरी दहा महिने जातात, काही जणींना त्याहून जास्त. नंतर मूल होते. पण आधी न सांगितलेले दहा महिने सासूच्या नजरेखाली काढणाऱ्या बाईला ते दहा महिने नसतात, शिक्षा असते. तिची धाकटी बहीण, शेजारीण, कामावरची मैत्रीण सगळ्या ते पाहतात. पुढे तिला मूल झाल्याची बातमी तेवढ्या लांब जात नाही. सुईने बायका वांझ होतात, ही अफवा अशी तयार होते. ती पुसायची तर ‘तसं काही नसतं’ एवढे म्हणून भागत नाही. ‘वेळ लागेल, साधारण इतका लागेल, घाबरू नका’ असे आधीच सांगावे लागते.

हे सांगायला कोणाला वेळ नसतो, ही खरी गोम आहे. सकाळपासून रांग, एक परिचारिका, तिच्याकडेच लसीकरण, गरोदर बायका आणि तापाचे रुग्ण. ती सुई टोचते, तारीख लिहिते आणि ‘पुढची’ म्हणून हाक मारते. काही जणींना मुद्दामच सांगितले जात नाही. दुष्परिणाम सांगितले तर बायका घाबरून जातील, असा त्यामागचा शहाणपणा. न सांगितल्यामुळे किती घाबरल्या, हे मोजायला मात्र कोणी थांबत नाही.

अविश्वासाला बाहेरूनही खतपाणी मिळते. 1990 च्या दशकात नैरोबीचे कार्डिनल मॉरिस ओतुंगा यांच्या उपस्थितीत निरोधाच्या पाकिटांची जाहीर होळी झाली होती. 2014 मध्ये केनियातल्या कॅथलिक बिशपांनी धनुर्वाताच्या लशीत बायकांना वांझ करणारे द्रव्य मिसळले आहे, असा आरोप केला. सरकारने, जागतिक आरोग्य संघटनेने आणि युनिसेफने तो फेटाळला, पण ‘वांझ’ हा शब्द एकदा कानावर पडला की तो खुलाशाची वाट पाहत नाही. सुईमुळे एड्सची लागण वाढते का, ही शंकाही बरीच वर्षे शास्त्रज्ञांनाच होती. त्यासाठी केनियासह चार देशांत 7,829 बायकांवर अभ्यास झाला आणि 2019 मध्ये त्याचे उत्तर आले की सुई, तांबी आणि कांडी यांच्यात त्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक नाही. शास्त्रज्ञ अशी शंका घेतात तेव्हा ते संशोधन ठरते, बाई घेते तेव्हा तो गैरसमज ठरतो.

कुमारिकांनी जायचे कुठे?

लग्न झालेल्या बाईची निदान केंद्रात नोंद तरी होते. अविवाहित मुलीला ‘लग्न झालंय का? मग कशाला हवं?’ असे विचारले जाते, तेही रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. त्या रांगेत तिच्या आईची मैत्रीण असणारच. मग ती केमिस्टचे दुकान गाठते. तिथे प्रश्न नसतात. संबंधांनंतर घ्यायच्या तातडीच्या गोळीला नैरोबीत ‘पी-टू’ म्हणतात आणि ती कागदात गुंडाळून हातात ठेवली जाते. ही गोळी कधीतरी अडचणीला घ्यायची, नेहमीचे साधन म्हणून नव्हे, हे सांगायला तिथे कोणी नसते. पोरीला शरम वाटू न देणारा एकच माणूस या सगळ्या साखळीत आहे आणि तो म्हणजे गल्ल्यावरचा विक्रेता, ही काही भूषणाची गोष्ट नाही.

यातून जे होते त्याचाही हिशेब झालेला आहे. 2012 या एका वर्षात केनियात सुमारे 4 लाख 65 हजार गर्भपात करवून घेतले गेले असावेत, असा अंदाज तिथल्या अभ्यासकांनी मांडला. 2010 च्या राज्यघटनेने गर्भपाताला बाईचा जीव किंवा आरोग्य धोक्यात असेल तरच मुभा दिली आहे. त्यामुळे यातले बहुतेक चोरून आणि धोकादायक रीतीने होतात.

बसवणे सोपे, काढणे अवघड

गेल्या दहा-बारा वर्षांत सुईच्या बरोबरीने पुढे आली ती कांडी. काडेपेटीतल्या काडीएवढी, दंडाच्या कातडीखाली बसवायची, प्रकाराप्रमाणे तीन किंवा पाच वर्षे चालणारी. 100 बायकांत वर्षभरात एकीलाही दिवस जाणे कठीण, इतकी खात्रीची. 2013 मध्ये दोन कांड्यांच्या एका संचाची किंमत गरीब देशांसाठी 18 डॉलर्सवरून साडेआठ डॉलर्सवर आणण्याचा करार झाला आणि त्यानंतर ती गावोगाव पोहोचली. तारखा पाळण्याची कटकट नाही, कार्ड लपवण्याची गरज नाही. फक्त दंडावर हात फिरवला तर ती लागते, एवढाच तिचा चुगलखोरपणा.

बसवायला शिबिर लागते, पथक येते. काढायला मात्र बाईलाच जावे लागते, आणि तिथे शिकलेला हात मिळेलच असे नाही. मुदत संपण्याआधी काढायला आलेल्या बाईची समजूत घालून परत पाठवण्याची सवयही अनेक ठिकाणी आहे. ‘थोडं सहन करा, शरीराला सवय होईल.’ हेतू वाईट नसतो. पण जे हवे तेव्हा काढता येत नाही ते बाईच्या हातातले साधन कसे? भारतीय वाचकांना 1975 ते 77 या आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची आठवण असेल. त्या दोन वर्षांनी पुरुषांच्या ऑपरेशनला जे कायमचे बदनाम केले ते अजून भरून आलेले नाही. केनियात तशी सक्ती झाली नाही. तरीही एका बाईला कांडी काढायला नकार मिळाला, तर तिच्या गल्लीतल्या दहा जणी ती बसवायला जात नाहीत.

नैरोबीत बायकांचे ‘चामा’ असतात. दर आठवड्याला ठरावीक रक्कम काढायची आणि ती आळीपाळीने एकेकीला द्यायची, म्हणजे मराठी भिशीच. पैसे मोजून झाले की चहाबरोबर गप्पा, आणि त्या गप्पांत कोणाला किती रक्त गेले, कोणाचे वजन वाढले, कोणाला सुई सोडल्यावर किती महिन्यांनी दिवस राहिले, हे सगळे येते. ‘मला पहिले चार महिने त्रास झाला, मग थांबला’ हे एका भाजीवालीचे वाक्य भिंतीवरच्या दहा चित्रांपेक्षा जास्त पटते, कारण तिला त्यात काही विकायचे नसते. सप्टेंबर 2023 मध्ये केनिया सरकारने सुमारे एक लाख आरोग्य स्वयंसेविका आणि स्वयंसेवकांना साहित्याच्या पिशव्या देऊन घरोघर पाठवायला सुरुवात केली. त्यातल्या ज्या बाया वस्तीतल्याच आहेत, चामात बसणाऱ्या आहेत, त्यांच्या हाती खरे काम आहे.

पण नुसत्या बोलण्याने सुई येत नाही. केनियाच्या साधनांचा मोठा वाटा वर्षानुवर्षे परदेशी मदतीतून येत होता. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने ही मदत थांबवली, पुढे ती देणारी संस्थाच गुंडाळली. आफ्रिकी देशांसाठी विकत घेतलेला सुमारे 97 लाख डॉलर्सचा साठा बेल्जियममधल्या गोदामात अडकला आणि तो वाटण्याऐवजी नष्ट करण्याचे ठरले. जवळ आलेल्या तारखेचे कार्ड घेऊन मथारेतली बाई केंद्राच्या खिडकीशी जाते तेव्हा या गोष्टी तिला ठाऊक नसतात. ‘सुई संपलीय, पुढच्या आठवड्यात या,’ एवढेच तिला ऐकू येते. सुईला चार आठवड्यांपर्यंत उशीर झाला तरी चालतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे त्या खिडकीतून तिला सांगितले जाईलच असे नाही. केमिस्टकडे तीच सुई विकत मिळते. कधी त्या दिवशीच्या टोमॅटोच्या पैशांतून ती घेतली जाते, कधी नाही.